शूटिंगला जाण्याआधी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझी निवड झाल्याचं तुझ्या आईने फोनवर सांगितलं तेव्हा आनंदाने तिला धड बोलता येत नव्हतं. मलाही फार बरं वाटलं. आता तिकडे जाण्याआधी हे नीट वाच.

रडायचा प्रसंग येईल. पाणी येईना, की कुणीतरी म्हणेल, ‘आजी वारली तो दिवस आठव.’ मुळीच आठवू नकोस. आजीचं दुःख असं कामाला लावायचं नसतं. ग्लिसरीन मागून घे, त्यात कमीपणा नाही. आणि खरं सांगू? रडणं आवंढा गिळण्यात जास्त दिसतं. ते तुला शिबिरातच जमलं होतं.

जेवणाच्या शॉटला घास लहान घे. कळण्याची भाकरी आणि ठेचा दिसला म्हणून पहिल्याच टेकला ताव मारलास, तर पुढच्या टेकना गिळवणार नाही. कोणत्या वाक्याला, कोणत्या हाताने तुकडा मोडलास तेही ध्यानात ठेव. कॅमेरा हलवला की तेच पुन्हा करायला लागतं.

थकलास तर ‘थकलो’ म्हण. दिग्दर्शक कितीही मोठे असोत. बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे तुझ्या वयाच्या मुलाला दिवसात ५ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, ३ तासांनंतर विश्रांती द्यावीच लागते, आणि तुझ्या मनाविरुद्ध तर काहीच करून घेता येत नाही. लाजायचं कशाला?

शाळा सोडायचा विचार मात्र डोक्यातही आणू नकोस. १९५३ साली आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’मध्ये माधव वझे श्याम झाले. आपल्या अमळनेरला शिकवून गेलेल्या साने गुरुजींचं लहानपण लोकांनी त्या मुलाच्या चेहऱ्यात पाहिलं. चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. त्यानंतरही वझे शिकत राहिले, इंग्रजीचे प्राध्यापक झाले, नाटकावर लिहीत राहिले. एवढं मोठं यश लहानपणी मिळूनही त्यांनी पुढचं आयुष्य वेगळं उभं केलं, याचं मला फार अप्रूप आहे.

हे आईबाबांना वाचून दाखव : निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घेतली आहे का ते विचारा. मानधनातले निदान २० टक्के तुझ्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत गेले पाहिजेत, तसं करारात लिहून घ्या. सही करण्याआधी कागद मला दाखवा. रविवारी मी जळगावलाच आहे.

तुझा,
सर