झरोक्यातली ती राणी कोण?

प्रश्न : मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात हाती फूल घेऊन झरोक्यात बसलेल्या एका राजस्त्रीचे लघुचित्र पाहिले. चेहरा इतका ठसठशीत असताना तिचे नाव का सांगता येत नाही? (एक वाचक, दादर)

उत्तर : चेहरा ठसठशीत असला, तरी तो त्याच स्त्रीचा असेलच असे नाही. पडद्याच्या प्रथेमुळे राजघराण्यातील स्त्रिया चित्रकारांसमोर क्वचितच बसत. त्यामुळे बादशहा आणि सरदारांची चित्रे ओळखू येण्याजोगी निघाली, तर स्त्रियांच्या वाट्याला बहुधा सौंदर्याचा ठरीव साचाच आला. फूल, आरसा, झरोका हे त्याच साच्यातले. चित्रावरील नावही जपूनच वाचावे, कारण ते पुष्कळदा नंतरच्या मालकांनी लिहिलेले असते. आपल्या अहमदनगरच्या चांदबिबीचेच पाहा : हाती ससाणा घेतलेल्या घोडेस्वार रूपातील तिची अनेक चित्रे अठराव्या शतकातील आहेत, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी काढलेली! ती तिच्या कीर्तीची चित्रे म्हणावीत. म्हणून पुन्हा जाल तेव्हा चेहऱ्यापेक्षा पारदर्शक ओढणी, दागिन्यांची घडण आणि हाशिया (चित्राभोवतीची किनार) निरखा. चित्र कोणत्या दरबारचे व साधारण कोणत्या काळातले, हे त्यांवरून अधिक कळते.