शिक्षक एकमेकांत कोणाचा सल्ला घेतात, हे एम.एड.च्या प्रबंधासाठी कसं शोधायचं?

शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाला विचारा, 'यंदा गणित शिकवण्याबाबत तुम्ही कोणाकोणाचा सल्ला घेतलात?' आणि नावं लिहून घ्या. सल्ला घेणाऱ्याकडून त्या नावाकडे बाण काढत गेलात की जाळं तयार. भाषेसाठी प्रश्न वेगळा ठेवा, विषयागणिक माणसं बदलतात. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे जेम्स स्पिलेन आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक शाळांत याच धर्तीची प्रश्नावली वापरली. एकाच इयत्तेला शिकवणं आणि अधिकृत पद या गोष्टींचा परिणाम दिसलाच, पण वर्गखोल्या जवळ असणं हेही कारण निघालं (आपण ते सहसा मोजतच नाही). तेव्हा याही नोंदवा:

- इयत्ता, विषय, पद, सेवेची वर्षं
- शाळेचा नकाशा, कोणाचा वर्ग कुठे

इथे नमुना निवडून भागत नाही, सगळेच शिक्षक हवेत. दोघा-तिघांनी फॉर्म भरला नाही तरी चित्र बिघडतं. नावं तुम्हाला कळणारच, म्हणून संमती घ्या आणि प्रबंधात फक्त संकेतांक छापा. मात्र दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत हे जमणार नाही. तिथे शाळेऐवजी अख्खं केंद्र (आसपासच्या शाळांचा गट) एकक धरा.