वाचकांचे प्रश्न : जुनी छायाचित्रे आणि मंडळाचा निधी

प्रश्न : आमच्या स्थानिक इतिहास मंडळाकडे लोकांनी वेळोवेळी दिलेली बरीच जुनी छायाचित्रे आणि काचेच्या काही निगेटिव्ह जमा झाल्या आहेत. त्यांच्या जतनासाठी पैसा अपुरा पडतो. छायाचित्रांच्या प्रती काढून विकाव्यात, असे काही सभासदांचे म्हणणे आहे. एका संग्राहकाने तर निवडक मूळ छायाचित्रेच चांगली किंमत देऊन विकत घेण्याची तयारी दाखवली आहे. लोकांनी विश्वासाने दिलेल्या वस्तूंचा असा व्यवहार करणे योग्य ठरेल का?

उत्तर : मूळ छायाचित्रे विकू नयेत, आणि प्रती मात्र निःसंकोच विकाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

मूळ छायाचित्राचे मोल केवळ त्यातील दृश्यात नसते. १८५० मध्ये प्रचारात आलेल्या आणि पुढे जवळपास शतकाच्या अखेरीपर्यंत वापरात राहिलेल्या अल्ब्युमिन पद्धतीचा, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला, कागद इतका पातळ असतो की तो जाड पुठ्ठ्यावर चिकटवावा लागे. त्या पुठ्ठ्याच्या खालच्या कडेला उमटवलेली स्टुडिओची मोहोर आणि मागे पेन्सिलीने लिहिलेली दोन-चार नावे यांवरूनच पुष्कळदा छायाचित्राचा काळ आणि त्यातील माणसे ठरवता येतात. एकाच प्रसंगाच्या पाच छायाचित्रांपैकी सर्वांत देखणे तेवढे संग्राहकाकडे गेले, तर उरलेल्या चारांचा संदर्भही लंगडा होतो. शिवाय देणाऱ्याने ती वस्तू मंडळाकडे सांभाळण्यासाठी सोपवलेली असते. हा विश्वास एकदा गमावला की जुन्या छायाचित्रांची पुढची पेटी मंडळाच्या दाराशी येत नाही, आणि ते नुकसान कोणत्याही किमतीने भरून निघत नाही.

प्रतींच्या विक्रीआधी हक्कांचा विचार करावा लागतो. छायाचित्र मंडळाच्या कपाटात आहे म्हणून त्याचा स्वामित्वहक्कही (कॉपीराइट, म्हणजे प्रती काढण्याचा व विकण्याचा हक्क) मंडळाचा झाला, असे होत नाही. हा हक्क सामान्यतः छायाचित्रकाराचा, काही वेळा ते काढवून घेणाऱ्याचा आणि पुढे त्यांच्या वारसांचा असतो. स्वामित्वहक्काविषयीच्या बर्न या आंतरराष्ट्रीय कराराने छायाचित्रांना निर्मितीपासून किमान २५ वर्षांचे संरक्षण दिले होते. १९९६ च्या जागतिक स्वामित्वहक्क कराराने छायाचित्रांसाठीची ही कमी मुदत लागू करायची नाही असे ठरवले, त्यामुळे आता अनेक देशांत संरक्षण बरेच लांबले आहे. म्हणून प्रत्येक छायाचित्राच्या नोंदीत ते कोणी काढले, कोणी दिले, केव्हा दिले आणि प्रती विकण्यास देणाऱ्याची लेखी संमती आहे का, हे रकाने असलेच पाहिजेत. छायाचित्रकाराचा पत्ता लागत नसेल, तर आपल्या देशाच्या कायद्यात अशा कृतींसाठी काय सोय आहे ते जाणकाराला विचारावे आणि घेतलेल्या शोधाची टिपणे जपून ठेवावीत.

स्वामित्वहक्काची मुदत संपलेल्या छायाचित्राचे स्कॅन केल्याने नवा हक्क निर्माण होतो, असा समज बऱ्याच मंडळांत आढळतो. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने १९९९ मध्ये ब्रिजमन विरुद्ध कोरेल या खटल्यात अशा हुबेहूब प्रतीत नवनिर्मिती नसल्याचे म्हटले, आणि युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानेही हक्काची मुदत संपून मुक्त झालेल्या दृश्यकृतींच्या निव्वळ प्रतींना संरक्षण नाकारले. मग मंडळ विकते काय? उत्तम छपाई, आणि तिच्याबरोबर खात्रीची माहिती. ‘जुना रस्ता’ एवढ्याच मथळ्याची प्रत कोणी सहसा घेत नाही. रस्त्याचे नाव, छायाचित्र कोठे उभे राहून काढले ती जागा, दिसणाऱ्या इमारतींची ओळख आणि अंदाजे साल दिले, की त्याच रस्त्यावर वाढलेला माणूस ती आपल्या भिंतीसाठी मागून घेतो. इंग्लंडमधील फ्रान्सिस फ्रिथ यांनी १८६० मध्ये सुरू केलेल्या व्यवसायातील छायाचित्रे गावागावांच्या नावांनी लावलेली असून त्यांच्या प्रती आजही विकल्या जातात, यामागे स्थळवार नोंदींचा मोठा वाटा आहे.

छपाईच्या दृष्टीने पाच बाय सात इंचांचे छायाचित्र ६०० डीपीआयने (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केले तर ३००० बाय ४२०० पिक्सेलची प्रतिमा मिळते, आणि तिच्यातून ३०० डीपीआयने दहा बाय चौदा इंचांची स्वच्छ प्रत निघते. मूळ स्कॅन टिफ (तपशील न गमावता प्रतिमा साठवणारा फाइलचा प्रकार) स्वरूपात, कसलीही दुरुस्ती न करता ठेवावे. डाग काढणे, उजेड वाढवणे हे सारे त्याच्या नकलेवर करावे आणि तसे ग्राहकाला सांगावे. संगणकाने भरलेले रंग हा अंदाज असतो, म्हणून रंगवलेली प्रत ऐतिहासिक छायाचित्र म्हणून विकणे मला मुळीच मान्य नाही. काचेची निगेटिव्ह नेहमी कडांना धरावी. तिची कमी चकाकणारी बाजू प्रतिमेच्या थराची असते आणि तिला बोटही लागता कामा नये.

प्रश्न : छायाचित्रे इंटरनेटवर सर्वांना पाहू दिली तर विक्री बुडेल, अशी आमच्या कार्यकारिणीला भीती वाटते.

उत्तर : पडद्यावर पाहण्यापुरत्या लहान आकारात ती अवश्य दाखवावीत, कारण जे दिसतच नाही ते कोणी मागत नाही. याचा दुसरा लाभ मला अधिक मोलाचा वाटतो. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जानेवारी २००८ मध्ये फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळावर आपली छायाचित्रे खुली केली, तेव्हा पाहणाऱ्यांनी त्यांतील व्यक्तींची, स्थळांची आणि प्रसंगांची माहिती पुरवली, आणि ग्रंथालयाने ती पडताळून आपल्या नोंदी सुधारल्या. मंडळालाही असे साहाय्य मिळू शकते; मात्र आलेली माहिती दुसऱ्या पुराव्याशी जुळवल्याशिवाय मथळ्यात घालू नये.

प्रश्न : विक्रीस ठेवलेल्या छायाचित्रातील व्यक्तीच्या कुटुंबाने हरकत घेतली तर?

उत्तर : छायाचित्र ताबडतोब विक्रीतून काढावे आणि मग बोलावे. कायदा मंडळाच्या बाजूने असला तरी आजारपण, शोक किंवा लहान मुले यांची छायाचित्रे मुळातच विक्रीला ठेवू नयेत. बहुतेक कुटुंबांना पैशापेक्षा आधी विचारले गेले नाही याचे वाईट वाटलेले असते. त्यांना एक चांगली प्रत विनामूल्य द्यावी आणि त्यांच्याकडून छायाचित्रातील सर्वांची नावे, डावीकडून उजवीकडे या क्रमाने, लिहून घ्यावीत.