कुदळ न लावता, घड्याळ लावून

आमच्या वावरात बोअर 250 फूट गेलं, तरी काळा दगड संपला नाही. मग हजारो किलोमीटर खालचं शास्त्रज्ञ कशावरून सांगतात? (शेतकरी, आर्णी तालुका)

दादा, माणसानं पाडलेलं सरळ खाली जाणारं सगळ्यात खोल भोक रशियात कोला इथं आहे: 12,262 मीटर. दख्खनच्या पठाराखाली भूकवचच साधारण 35 ते 40 किलोमीटर जाड आहे. म्हणजे तेवढं खणूनही आपण कवचाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपासच. पुढची बहुतेक माहिती भूकंपाच्या लहरी आणतात. त्यांच्या बाबतीत मुख्य पाहायचं ते हेच की कोणती लहर किती वाजता पोचली.

पावसाळ्यातली तुमची पांदण आठवा. जवळची, पण चिखलाची. डांबरी रस्ता फेऱ्याचा, पण त्यावर गाडी पळते. दोन किलोमीटरवर जायचं तर पांदणीनं निघालेला आधी पोचतो, वीस किलोमीटरवर जायचं तर डांबरीवरचा. भूकवचात पहिल्या लहरींचा (भूकंपानंतर सगळ्यात आधी पोचतात त्या) वेग सेकंदाला सुमारे 6 किलोमीटर असतो, त्याखालच्या प्रावरणात सुमारे 8. क्रोएशियातल्या 1909च्या भूकंपाच्या नोंदी तपासताना भूकंपशास्त्रज्ञ आंद्रिया मोहोरोविचिच यांना दिसलं, की काही मोजणी केंद्रांवर लहरी दोनदा आल्यात. एक थेट आलेली. दुसरी खाली उतरून, वेगवान खडकातून पळून, पुन्हा वर आलेली. दूरच्या केंद्रांवर ही खालून आलेलीच आधी हजर! ती नेमक्या किती अंतरावर पुढे निघते ते कळलं, की कवचाची जाडी गणितानं काढता येते. इतकी वर्षं हे शिकवूनही मला त्याचं नवल वाटतं.

पृथ्वीचा बाहेरचा गाभा द्रव आहे हे कसं कळलं? (अकरावीची विद्यार्थिनी, मेहकर)

पहिल्या लहरींच्या मागून येतात त्या दुय्यम लहरी. त्या द्रवातून जात नाहीत. मोठ्या भूकंपानंतर पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला त्या थेट पोचतच नाहीत, म्हणजे वाटेत द्रव आहे. गाभा आहे हे 1906 मध्ये लहरींवरून दाखवणारे रिचर्ड ओल्डहॅम त्याआधी आपल्याच भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात होते. 1897च्या आसाम भूकंपाचा अभ्यास त्यांचाच. त्या गाभ्याच्या आतही आणखी एक गाभा आहे, हे भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेहमान यांनी 1936 मध्ये मांडलं.

भूकंप किती दूर झाला, हे एकाच यंत्रावरून कळतं का? (शिक्षक, पुसद)

अंतर कळतं, नेमकी जागा ठरवायला आणखी केंद्रं लागतात. पहिली आणि दुय्यम लहर यांच्यातले सेकंद मोजा, आठनं गुणा. ढोबळ किलोमीटर मिळतात. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारी हादरली. तिथून यवतमाळ सुमारे 300 किलोमीटर, म्हणजे या हिशेबानं दोन लहरींत 35-40 सेकंदांचं अंतर.

कोळसा खाणीत सुरुंग उडाला की भिंती थरथरतात. ह्याच का त्या लहरी? (वाचक, वणी परिसर)

हो, त्याच जातीच्या. भूकवच तपासायला शास्त्रज्ञही छिद्रांत स्फोटकं भरून उडवतात आणि दूरवर रांगेत मांडलेल्या जिओफोनवर (जमिनीचं कंपन टिपणाऱ्या छोट्या यंत्रांवर) लहरी टिपतात. मात्र घर हलवतात त्या मुख्यतः जमिनीलगत पसरणाऱ्या लहरी, आणि काही वेळा हवेचा दाबही. कंपन मिलिमीटर प्रतिसेकंदात मोजतात. घरांसाठी त्याच्या मर्यादा खाण सुरक्षा महासंचालनालयानं ठरवून दिल्या आहेत. प्रत्येक तड्याच्या टोकाला पेन्सिलीनं खूण करून तारीख लिहा. सुरुंगाची वेळ वहीत टिपत जा. ग्रामपंचायतीमार्फत लेखी मागणी करा, की कंपनमापक तुमच्या घराच्या पायाशी ठेवून मोजणी व्हावी. खाणीच्या काठावर घेतलेला आकडा तुमच्या घराचा आकडा नव्हे.