गुहागरचं आणि देवरुखचं, दोन घरांची कामं सुरू आहेत. कुठलं काम चांगलं चाललंय हे कसं मोजायचं?

नुसता चौरस फुटाचा दर लावू नका. उतारावरच्या घराचं जोतंच (जमिनीपासून फरशीच्या पातळीपर्यंतचं बांधकाम) इतका चिरा (जांभा दगड) खातं की वरचं बांधकाम स्वस्त असूनही दर फुगतो. जोतं, संरक्षक भिंत आणि चिऱ्याची वाहतूक बाजूला काढा, मग जोत्यावरच्या कामाचा दर ताडून बघा.

चालू कामासाठी तीन आकडे लागतात: आजपर्यंत ठरलेलं काम, झालेलं काम (दोन्ही अंदाजपत्रकाच्या दराने) आणि प्रत्यक्ष खर्च. समजा अंदाजपत्रक ४० लाखांचं. आजपर्यंत २० लाखांचं काम व्हायला हवं होतं, झालं १६ लाखांचं, खर्च १८ लाख. खर्चाचा निर्देशांक १६ ÷ १८ = ०.८९, वेळेचा १६ ÷ २० = ०.८०. दोन्ही १ च्या खाली, म्हणजे काम महागही आणि मागेही. खर्चाचं हेच प्रमाण राहिलं तर घर ४० ÷ ०.८९, म्हणजे सुमारे ४५ लाखांना पडेल. दोन्ही घरांचे निर्देशांक शेजारी मांडले की आकार वेगळा असला तरी तुलना होते.

चूक बहुधा 'झालेलं काम' मोजताना होते. अंगणात पडलेली वाळू नि सळई म्हणजे काम नव्हे. मोजमाप वहीत (झालेल्या कामाची मापं लिहितात ती वही) चढलेलंच धरा. 'स्लॅब पडला, ७० टक्के झालं' हे तर ऐकूच नका, गिलावा, फरशी, वायरिंग, नळकाम सगळं बाकी असतं.

आणि जून ते सप्टेंबर बाहेरचं काम जवळपास शून्य धरूनच वेळापत्रक आखा. नाहीतर श्रावणात प्रत्येक ठेकेदार नापास दिसेल.