‘आत्ताच मुलाच्या नावावर करून टाकू का?’

यावेळच्या टपालातही घराचाच विषय जास्त. पाच पत्रं घेतली आहेत. नावं-गावं काढली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या वाचकांना धरून आहेत. वारसाहक्काबद्दल जे लिहिलं आहे ते हिंदू वारसा कायद्यापुरतं समजावं.

प्रश्न : माझं वय ७१. फ्लॅट पहिल्यापासून माझ्या एकटीच्या नावावर आहे. यजमान चार वर्षांपूर्वी गेले. एकुलता एक मुलगा, सून आणि नात माझ्याजवळच राहतात. मुलगा म्हणतो, ‘आई, बक्षीसपत्र करून टाक, दोनशे रुपयांत काम होतं, नंतर कोर्टकचेरी नको.’ मुलगा चांगला आहे. करू का?

दोनशे रुपयांचं खरं आहे. राहतं घर नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं किंवा दिवंगत मुलाची बायको यांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये लागतं, वर जागेनुसार अधिभार आणि नोंदणीचा खर्च. पण मृत्युपत्राला मुद्रांक शुल्कच नाही. तेव्हा स्वस्त पडतं म्हणून बक्षीसपत्र, हा हिशेब मुळातच चुकतो.

खरा फरक पडतो तो वेळेचा. बक्षीसपत्र नोंदलं, मुलानं स्वीकारलं, की त्या दिवसापासून घर त्याचं. नंतर तुमचं मन बदललं तरी एकतर्फी रद्द करता येत नाही. मृत्युपत्र मात्र तुम्ही हयात आहात तोवर हवं तितक्या वेळा बदला, घर तुमचंच राहतं. मुलगा चांगला आहे हे मी धरूनच चालते. पण चांगल्या मुलाचाही धंदा बसतो, तोही कुणाला तरी जामीन राहतो, आणि मग बँकेची नोटीस चिकटते ती तुमच्या दारावर. आणखी एक शक्यता लिहिताना हात अडखळतो, पण लिहायला हवी. मुलगा तुमच्या आधी गेला तर? त्याचं मृत्युपत्र नसेल तर त्याच्या मालमत्तेचे आई, बायको आणि मुलगी यांच्यात सारखे वाटे पडतील. आज आख्खं तुमचं असलेल्या घरात तुमचा हिस्सा एक तृतीयांश उरेल.

काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे आल्या होत्या. कापडी पिशवीतून बक्षीसपत्र काढलं, प्लास्टिकच्या कव्हरमध्ये जपून ठेवलेलं. अकरा पानं होती. चतुःसीमा, क्षेत्रफळ, पार्किंगचा नंबर, सगळं काटेकोर. आई या घरात राहील, असं एकही वाक्य त्यात नव्हतं. ‘नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी’ एवढंच. तोवर मुलानं त्यांची कॉट हॉलमध्ये आणून टाकली होती आणि घर विकायला काढलं होतं.

हे वाक्य का महत्त्वाचं, ते सांगते. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा २००७ चा कायदा आहे. त्याच्या कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द ठरवू शकतं. कळीचा शब्द ‘अट’. अशी अट असल्याचं सिद्ध झालं नाही तर कलम २३ चा आधार मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२२ मध्ये सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये ऊर्मिला दीक्षित यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयानं कायद्याचा हेतू बघून उदार अर्थ लावला आणि मालमत्ता आईला परत द्यायला लावली. पण तिथंही सांभाळाचं कबूल करणारं मुलाचं वेगळं वचनपत्र आईच्या हाती होतं. कागद होता, म्हणून निभावलं.

माझा सल्ला, मृत्युपत्र करा. काही कारणानं बक्षीसपत्रच करायचं ठरलं तर तीन गोष्टी त्यातच लिहून घ्या. तुम्ही तहहयात त्या घरात राहाल. तुमचं जेवणखाण, औषधपाणी, शुश्रूषा मुलगा करील. तुमच्या लेखी संमतीशिवाय घर विकता किंवा गहाण ठेवता येणार नाही. आणि मसुदा वकिलाकडून आला की आधी हीच तीन वाक्यं शोधा, चतुःसीमा नंतर वाचा.

प्रश्न : वडील ७८ वर्षांचे. विसरायला लागलेत, डॉक्टरांनी डिमेन्शियाची सुरुवात सांगितली आहे. आम्ही त्यांचं कुलमुखत्यारपत्र माझ्या नावे करून ठेवलं आहे. आता काळजी नाही ना?

काळजी खरं तर आता सुरू होते. कुलमुखत्यारपत्र म्हणजे दिलेल्या माणसाच्या वतीनं वागण्याची परवानगी, आणि ती परवानगी त्याच्या शुद्धीवर टिकून असते. करार कायद्यानुसार ज्यानं अधिकार दिला तो मरण पावला किंवा त्याची समज गेली, की अधिकार संपतो. म्हणजे ज्या दिवशी या कागदाची खरी गरज पडते त्याच दिवशी तो निकामी होतो. मती गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र आपल्या कायद्यात नाही. नोटरीनं लाल सील मारलं, पाचशेचा स्टॅम्प लावला, म्हणून त्यात फरक पडत नाही.

लोक इथं दोन गोष्टींची गल्लत करतात. हात न चालणं वेगळं आणि डोकं न चालणं वेगळं. अंथरुणाला खिळलेल्या पण समज शाबूत असलेल्या माणसासाठी रिझर्व्ह बँकेनं सोय ठेवली आहे. सही जमत नसेल तर अंगठा, तोही जमत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा, बँकेच्या ओळखीच्या दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. एका आजोबांचं असं काम मी पाहिलं आहे. शाईचं पॅड पलंगाच्या पायथ्याशी, अधिकारी गुडघ्यावर बसलेले आणि आजोबा विचारतायत, ‘रक्कम नीट लिहिलीय ना?’ त्या प्रश्नावरच सगळं उभं असतं. तो प्रश्न विचारता येईनासा झाला की ठशालाही अर्थ नाही.

‘सुरुवात’ आहे म्हणता, तर हे काही महिने सोन्याचे आहेत. विसरभोळेपणा म्हणजे असमर्थता नव्हे. आपली मालमत्ता काय, आपली माणसं कोण आणि कोणाला काय देतोय, हे त्या वेळी कळत असेल तर मृत्युपत्र चालतं. ज्या दिवशी सही त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला घ्या. दोन साक्षीदारांपैकी एक शक्यतो ते डॉक्टरच असू द्या. वडिलांना बाहेर नेणं जड असेल तर दुय्यम निबंधकांकडे गृहभेटीचा अर्ज करता येतो, ते घरी येऊन नोंदणी करतात. बँकेची खाती ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या पद्धतीनं संयुक्त करून घ्या. उपचार कुठवर करायचे, व्हेंटिलेटर हवा की नको, याबद्दल त्यांची इच्छाही लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये हा हक्क मान्य केला आणि २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात.

हे सगळं राहून गेलं आणि समज पूर्ण गेली, तर मुंबई उच्च न्यायालयात याचिका करून पालक नेमून घ्यावा लागतो. डॉक्टरांचा अहवाल, मालमत्तेची यादी, इतर वारसांची संमती, सगळं लागतं. मिळतं, पण वेळ जातो, आणि तोवर औषधांचं बिल थांबत नाही.

प्रश्न : सोसायटीत बाबांनी धाकट्या भावाला नॉमिनी केलं होतं. बाबा मृत्युपत्र न करता गेले. भाऊ म्हणतो, फ्लॅट आता माझा. आम्ही दोघी बहिणी आणि आई आहोत.

नाही. नॉमिनी हा तात्पुरता सांभाळणारा, मालक नव्हे. विम्याबद्दल सर्वोच्च न्यायालयानं हे १९८३ मध्ये सांगितलं (विम्यातला नियम २०१५ मध्ये बदलला), शेअर्सबद्दल डिसेंबर २०२३ मध्ये. सोसायटीपुरता भाऊ तात्पुरता सभासद होऊ शकतो, तोही विश्वस्ताच्या नात्यानं. फ्लॅट बाबांचा स्वकष्टार्जित असेल तर आई, तुम्ही दोघी आणि भाऊ, चौघांचे सारखे वाटे. सोसायटीला आणि भावाला आजच लेखी कळवा. विक्रीची बोलणी सुरू झाल्यावर धावपळ करू नका.

प्रश्न : आई ८२, वर्षभर अंथरुणावर. ब्यूरोकडून दिवसरात्र दोन मावश्या ठेवल्यात. मी नोकरी सोडून तिच्या घरी राहते. दोघे भाऊ म्हणतात, ‘तू फुकट राहतेसच की.’ मेडिक्लेम असून एक पैसा मिळाला नाही. खर्च कोणी करायचा?

आधी आईनं, म्हणजे आईच्या पैशानं. हे ऐकून बऱ्याच जणांना अपराधी वाटतं. तिची पेन्शन, ठेवी, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं व्याज हे तिच्यासाठीच आहे, मुलांना वाटून देण्यासाठी राखून ठेवलेलं नाही.

मेडिक्लेमचं गणित दाखल होण्याशी बांधलेलं असतं. कूस बदलणं, डायपर, भरवणं याला त्यात जागा नसते. आयुष्मान वय वंदना कार्डाचंही तेच. सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण ते रुग्णालयातले. कार्ड जरूर काढा, मावश्यांचा पगार त्यातून निघेल असं मात्र धरू नका.

घर आईच्या स्वतःच्या नावावर, स्वकष्टार्जित आणि बोजा नसलेलं असेल तर उलट गहाण कर्ज, म्हणजे रिव्हर्स मॉर्गेज, हा एक मार्ग आहे. बँक दरमहा किंवा तिमाही पैसे देते, आई त्याच घरात राहते. तिच्यामागे वारसांनी कर्ज फेडलं तर घर त्यांचं, नाहीतर बँक विकून उरलेली रक्कम त्यांना देते. आपल्याकडे हे फारसं रुजलं नाही, कारण घर गहाण म्हटलं की भाऊबंद जमतात. तुमच्या भावांपुढे हा विषय एकदा काढून बघाच. वर्गणी द्यायला ते अचानक राजी होतील, असा माझा अनुभव आहे.

नाहीच झाले तर २००७ च्याच कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात आईच्या नावे निर्वाहाचा अर्ज करता येतो. ९० दिवसांत, फार तर आणखी ३० दिवसांत निकाल अपेक्षित असतो. रकमेची कमाल मर्यादा मात्र महिना १०,००० रुपये आहे. दोन मावश्यांच्या पगारापुढे ती किती तोकडी आहे, हे तुम्हाला सांगायला नको.

आता तुमच्यापुरतं. एक वही घाला. तारीख, रक्कम, कशासाठी, कोणी दिले. महिन्याच्या शेवटी त्या पानाचा फोटो भावांना पाठवत जा, वर एक शब्दही न लिहिता. आईला तुम्हाला जास्त द्यायचं असेल तर ती मृत्युपत्रात तसं लिहू शकते. पण वकील तुम्ही शोधू नका, मसुदा तुमच्या लॅपटॉपवर नको आणि सहीच्या वेळी खोलीत थांबू नका. ज्याला मोठा लाभ होतो त्यानंच मृत्युपत्र करवून घेण्यात पुढाकार घेतला, तर कोर्ट ते संशयानं बघतं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९५८ च्या निकालापासूनचा दंडक आहे हा. सेवा तुम्ही केलीत हे खरं असूनही मृत्युपत्र पडू शकतं.

प्रश्न : मी निवृत्त परिचारिका, विधवा, मूलबाळ नाही. घर माझ्या पगारातून घेतलं. माझी भाची (बहिणीची मुलगी) सगळं बघते. मृत्युपत्र केलंच पाहिजे का? तिच्याशिवाय आहे कोण मला?

कायद्याच्या दृष्टीनं आहेत, आणि तेच अडचणीचं आहे. निपुत्रिक विधवा मृत्युपत्राशिवाय गेली तर तिची स्वतः कमावलेली मालमत्ता आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. दीर, नणंद, ते नसतील तर त्यांची मुलं. वीस वर्षांत ज्यांनी तुमची चौकशी केली नाही तेही यात आले. भाची यादीत फार खाली आहे. हा नियम मला स्वतःला अन्याय्य वाटतो, पण आज तो आहे.

तेव्हा केलंच पाहिजे. साधा कागद चालतो, स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण करून घ्या. तुमची सही आणि ती बघणाऱ्या दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक. साक्षीदार तुमच्यापेक्षा वयानं लहान निवडा, कारण पुढे त्यांच्यापैकी एकाला तरी कोर्टात उभं राहावं लागू शकतं. भाचीला साक्षीदार करू नका. आणि मृत्युपत्र लॉकरमध्ये ठेवणार असाल तर लॉकरवर तिचं नाव आधी लावून घ्या. नाहीतर लॉकर उघडायला मृत्युपत्र मागतील, आणि ते असेल लॉकरमध्येच.