देवरहाटी राहू द्या, आधी पॉलिसीचं बाड उघडा

वाचकाचं पत्र थोडक्यात: वय ६१, निवृत्त. पेन्शन महिना ५५ हजार, ती वाढणारी नाही. घरखर्च ४८ हजार. बँकेत ४५ लाखांच्या ठेवी. संगमेश्वर तालुक्यातल्या मूळ गावच्या देवरहाटीत, म्हणजे देवाच्या नावानं राखलेल्या रानात, मूळची झाडं परत यावीत, त्यासाठी अभ्यास व्हावा म्हणून निधी उभारायचा आहे. पत्नीच्या भाच्यानं त्यासाठी ‘गॅरंटीड’ विमा योजना दिली: वर्षाला ३ लाख, १० वर्षं, पंधराव्या वर्षाअखेर ४८ लाख. बाड हातात येऊन बावीस दिवस झाले. प्रश्न असा, की निधीसाठी स्वतःचा न्यास काढावा की संस्थेला देणगी द्यावी, आणि ८०जीची, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत किती मिळेल?

उत्तर:

न्यासाचं नंतर बघू. बाड मिळाल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते, म्हणजे तुमच्याकडे आठ दिवस आहेत.

३० लाखांचे ४८ लाख ऐकायला छान वाटतं. हिशेब मांडला तर परतावा वर्षाला साडेचार टक्के पडतो. हेच हप्ते ७ टक्क्यांच्या साध्या ठेवीत टाकत गेलात तर त्याच दिवशी ६२ लाख होतात. चौदा लाखांचा खड्डा, आणि तोही हमीसकट. शिवाय ठेवींचं व्याज ३ लाख १५ हजार, हप्ता ३ लाख. सगळं व्याज तिकडेच गेलं. ६ टक्के महागाई धरली तर बारा वर्षांत घरखर्च ९६ हजार होतो आणि पेन्शन ५५ हजारांवरच. तेव्हा हे व्याज तुम्हालाच लागणार आहे.

बाडावर ‘फ्री लूक’चं, म्हणजे मुदतीत पॉलिसी परत करण्याचं कलम असतं, त्याचा उल्लेख करून रद्द करण्याचा अर्ज लिहा. मूळ बाड आणि रद्द केलेला चेक जोडा. अर्ज भाच्याकडे न देता स्वतः शाखेत द्या, तारखेची पोच घ्या, आणि तोच मजकूर नोंदवलेल्या ईमेलवरूनही पाठवा. बँकेतलं ऑटो डेबिट बंद करा. मुद्रांक, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याची किंमत कापून हप्ता परत येतो. भाचा म्हणेल, ‘एक वर्ष भरून बघा.’ वर्षानंतर सोडलीत तर मोठा तुकडा जातो. आता त्याचं फक्त कमिशन जाईल.

८०जीचं स्वप्न सोडा. तुमचं उत्पन्न पावणेदहा लाख. नव्या करपद्धतीत कर शून्य, आणि तिथं ८०जी नाही. पावतीसाठी जुन्या पद्धतीत गेलात तर ८५-९० हजार कर येईल आणि लाखाच्या देणगीची पावती त्यातले जेमतेम ९ हजार कमी करेल. स्वतःचा न्यास म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी लेखापरीक्षण. एवढ्या रकमेसाठी नको.

वर्षाला एक लाख द्या, पण यंदापासून. पंधरा वर्षांनी येणारे ४८ लाख उद्याच्या पावसाळ्यातल्या रोपाच्या काय उपयोगाचे? लाखात पूर्णवेळ संशोधक येत नाही. ज्युनियर फेलोशिपच महिना ३७ हजार आहे. पण एका विद्यार्थ्याचा प्रवास, गावातल्या एका माणसाची मजुरी आणि मोजणीचं सामान निघतं. मोजणीसाठी २० बाय २० मीटरचे चार-पाच कायमचे चौकोन, कोपऱ्यांना दगड. प्रत्येक झाडाला अॅल्युमिनियमचा क्रमांक, तार सैल, नाहीतर सालीत रुतते. खोडाचा घेर दरवर्षी जमिनीपासून १.३ मीटरवरच मोजायचा. आधी सातबारा काढून जमीन कुणाच्या नावावर ते बघा, आणि मानकऱ्यांना विचारा.

‘एक लाखात हजार रोपं’ म्हणणाऱ्या संस्थेला नमस्कार करून निघा. लावलेली रोपं सगळेच मोजतात, जगलेली कोण मोजतो? वणवा आणि चराई अडवली नाही तर शिशिरानंतर काठ्याच उरतात. रोपं कुठली तेही विचारा: त्याच रानातल्या ऐन, किंजळ, जांभूळ, बेहड्याच्या बियांची हवीत. जांभळाची बी ठेवली की मरते, ती पडल्या पडल्या पेरावी लागते. वर्षभर कधीही मागा, रोप तयार आहे म्हणणाऱ्याचं बियाणं कुठून आलं ते नक्की विचारा. सुबाभूळ, गिरीपुष्प, ऑस्ट्रेलियन बाभूळ अशी परदेशी झाडं दिसली तर पैसे नाहीत.

रक्कम एकदम देऊ नका. मे महिन्यात ४० हजार, पावसाळा संपल्यावर मोजणीची यादी हातात आली की ३० हजार, आणि पुढच्या उन्हाळ्यात तेच क्रमांक पुन्हा मोजून आले की उरलेले ३०.